डिझायनर की ठेकेदार? मोजमाप कोणाच्या हातात आहे, ते आधी बघा

घर दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकात घेतली आहेत. उत्तरे वास्तुविशारद आणि स्थापत्य अभियंता अशा दोघांनी मिळून लिहिली आहेत. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागात आमचे १९९६ साली बांधलेले घर आहे. तळमजला ११०० चौरस फूट. स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम, फरशी, वायरिंग आणि दोन खोल्यांतली कपाटे असे काम आहे. बजेट १२ लाख. इंटिरियर डिझायनर खर्चाच्या १० टक्के फी मागते. ओळखीचा ठेकेदार म्हणतो, "ताई, ड्रॉइंग कशाला पाहिजे जी, तुम्ही सांगाल तसं करून देतो." फीचे पैसे वाचवावे का?

ताई, तुमच्या ठेकेदाराचे "तुम्ही सांगाल तसं" हेच वाक्य नीट ऐका. सांगायचे तुम्ही आहे. मिक्सरचा पॉइंट ओट्यापासून किती उंचीवर, चिमणीचा कुठे, सिंकचा निचरा भिंतीतून कोणत्या बाजूने, आरओचे टाकाऊ पाणी कुठे सोडायचे, हे सगळे भिंत फोडण्याच्या दिवशी वायरमन खडू हातात घेऊन तुम्हाला विचारील आणि त्याला उत्तर पाच मिनिटांत हवे असेल. तेव्हा घाईत दिलेले उत्तर पुढची वीस वर्षे भिंतीत राहते.

आमचा ठोकताळा असा: काम भिंतीच्या बाहेरचे असेल, म्हणजे रंग, एखादे कपाट, दारे, तर चांगला ठेकेदार किंवा सुतार पुरतो. काम भिंतीच्या आत शिरणारे असेल, म्हणजे पाणी, निचरा आणि वायर यांतल्या दोन गोष्टी जरी एकाच वेळी बदलत असतील, तर आधी कागद हवा. तुमच्याकडे तिन्ही आहेत. त्यामुळे फी द्या, पण त्या १ लाख २० हजारांत काय मिळणार ते लिहून घ्या. आहे त्या घराचा मोजून काढलेला नकाशा, काय तोडायचे त्याचा नकाशा, इलेक्ट्रिकल पॉइंट उंचीसह, प्लंबिंगची लाइन, टाइल्स कुठून सुरू होऊन कुठे कापल्या जाणार ते, कपाट आणि स्वयंपाकघराचे आतल्या कप्प्यांसह ड्रॉइंग, आणि बाबवार परिमाणांची यादी. शिवाय कामावर किती भेटी: आठवड्याला एक तरी, आणि काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, भिंत बंद करणे या तीन वेळी नक्की. नुसती कॉम्प्युटरवरची रंगीत चित्रे देऊन कोणी १० टक्के मागत असेल तर ते चित्रांचे पैसे आहेत.

फी परवडत नसेल तर मधला मार्ग आहे आणि तो नागपुरात सहज जमतो. डिझायनरकडून फक्त ड्रॉइंग आणि यादी ठरावीक रकमेत घ्या, काम ठेकेदाराला द्या, आणि मोजमापासाठी एखादा सिव्हिल इंजिनिअर भेटीप्रमाणे पैसे देऊन ठेवा. काम करणारा आणि मोजणारा हे दोन वेगळे माणूस असले पाहिजेत, या एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. ज्याला बिलाचे पैसे मिळणार आहेत त्यानेच फूट मोजले, तर भांडण तिथेच पेरले जाते.

कारण मोजमापातच पैसा जातो. छपाईचे (प्लास्टरचे) आणि रंगाचे माप घेताना दार-खिडकीची वजावट कशी करायची याची भारतीय मानकात, आयएस १२०० मध्ये, पद्धत ठरलेली आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूची वजावट, कारण दुसऱ्या बाजूत चौकटीच्या कडांचे काम धरले जाते. तीनपेक्षा मोठी असेल तर दोन्ही बाजूंची वजावट करून कडा वेगळ्या मोजायच्या. करारात "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" एवढे चार शब्द टाका. नाही तर भिंत सलग मोजली जाते आणि दार-खिडक्यांच्या पोकळीचेही पैसे लागतात. फरशीच्या वेळी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लागणारी टाइलची पट्टी) रनिंग फुटात, म्हणजे नुसती लांबी मोजून, वेगळे लावतात, स्वयंपाकघर कोणी रनिंग फुटात तर कोणी चौरस फुटात सांगतो. दोन कोटेशन शेजारी ठेवण्याआधी एकक एकच आहे का, ते बघा.

आता तुमच्या घराच्या वयाबद्दल. त्या काळच्या घरांत पाण्याला जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असतात आणि ते आतून गंजून बुजत येतात. बाहेरून नळ, टाइल्स नवे केले आणि आतला पाइप तसाच ठेवला तर दोन वर्षांनी नवी टाइल फोडावी लागेल. नवे पाइप प्लास्टिकचे: गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंड पाण्याला सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी घ्या. टाइल लावण्याआधी लाइन भरून हातपंपाने दाब द्या, रात्रभर ठेवा, सकाळी काटा जागेवर आहे का, ते स्वतः बघा. वायरिंगमध्ये दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गिझरला चार, आणि प्रत्येक एसीला स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि घराला चालू स्थितीतले अर्थिंग. आरसीसीबी बसवल्यावर वारंवार पडत असेल तर वायरमन त्याला काढून टाका म्हणेल. काढू नका. कुठेतरी गळती आहे असे तो सांगतो आहे. भिंत बंद करण्याआधी प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, फोटोत टेप उघडून धरा. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो पाइप वाचवतो.

ओट्याची उंची नकाशातून उचलू नका. रोज स्वयंपाक करणाऱ्याने सरळ उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपरापासून चार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग घ्यावा. अनेक घरांत ३४ इंच बरोबर बसते, पण उंची पाच फुटांच्या आत असेल तर ३२ इंचांचा ओटा खांद्याला आराम देतो.

पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला १० टक्के, पुढचे प्रत्येक टप्प्याचे काम मोजून, आणि शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून. आणि १२ लाखांत दीड लाख बाजूला ठेवा. जुन्या घरात फरशी उखडल्यावर खाली काय निघेल, ते कोणीही आधी सांगू शकत नाही.

प्रश्न : त्रिमूर्तीनगरला टू बीएचके फ्लॅट घेतला. एका टर्नकी (सगळे काम एकहाती करून देणाऱ्या) कंपनीने पूर्ण इंटिरियरचे ९ लाखांचे एकरकमी कोटेशन दिले. कपाटासमोर "प्रीमियम प्लाय, ४९ चौरस फूट" एवढेच आहे. हे घ्यावे की डिझायनर वेगळा नेमावा?

नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतले काम बहुधा थोडेच असते, त्यामुळे टर्नकी घेण्यात चूक नाही. अडचण कोटेशनची आहे. "प्रीमियम" हा प्लायचा कोणताही दर्जा नाही. दर्जा आयएस क्रमांकाने लिहितात: आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, उकळत्या पाण्यात ७२ तास टिकणारे, आयएस ३०३ मध्ये एमआर हा ओल सोसणारा पण पाण्यात न टिकणारा दर्जा. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून आणि कूलर ज्या खिडकीत बसतो तिथल्या कपाटाला ७१०; बाकीच्या कपाटांना एमआर चालते. शीटवर आयएसआय चिन्ह आणि लायसन्स क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचे नाव दिसते. माल उतरला त्या दिवशी हे बघा, सुताराने कापल्यावर बघून उपयोग नाही.

आता तुमचे ४९ चौरस फुटांचे कपाट, म्हणजे ७ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल, हाताने मोजून बघू. प्लायची शीट ८ बाय ४ फूट. दोन बाजू एका शीटमधून निघतात. वरचा आणि खालचा फळा दुसऱ्या शीटमधून. मधल्या दोन उभ्या फळ्या तिसऱ्यातून, म्हणजे आत तीन खण झाले. प्रत्येक खणाला दोन आडवे फळे धरले तर सहा फळे चौथ्या शीटमध्ये बसतात. सहा दारे, प्रत्येक १४ इंच रुंद आणि ७ फूट उंच, एका शीटमधून तीन, म्हणून दोन शीट. असे १८ मिलिमीटरच्या सहा शीट आणि पाठीला ६ मिलिमीटरच्या दोन. ड्रॉवर असतील तर एक शीट वाढेल. ७ फूट उंचीच्या दाराला चार बिजागऱ्या लागतात, म्हणजे २४. कोणी तीन-तीन लावून १८ वर भागवले तर दार वर्षभरात खाली बसते आणि शेजारच्या दाराला घासते.

लॅमिनेट बाहेरून १ मिलिमीटर, आतून ०.८ मिलिमीटरचे. "आतून रंग मारून देतो" हे मान्य करू नका. प्लायच्या एकाच बाजूला लॅमिनेट असले की दोन बाजू वेगवेगळ्या प्रमाणात ओल घेतात आणि दार बाकदार होते. नागपुरात मेमध्ये हवा कोरडी ठक्क आणि जुलैत भिजट, त्यामुळे हा बाक इथे लवकर दिसतो.

हा हिशेब हातात असला की कंपनीला एकच विनंती करा: एकरकमी आकडा राहू द्या, पण प्रत्येक वस्तूखाली मापे, प्लायचा आयएस क्रमांक व जाडी, लॅमिनेटची जाडी, बिजागरी आणि चॅनलची कंपनी व मॉडेल लिहून द्या. देणारी कंपनी दोन दिवसांत देते. न देणारीकडे जाऊ नका.

बिलाबद्दलही. अशा कामावर जीएसटी १८ टक्के असतो आणि "बिल नको, तेवढे वाचतील" असे सुचवले जाते. बिल नसेल तर उद्या तक्रारीला पुरावा उरत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आणि नोंदणी नसलेल्या छोट्या ठेकेदाराला जीएसटी लावताच येत नाही. त्याने लावला तर नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर तपासा.

प्रश्न : हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढायची आहे. घर नागपूरच्या महाल भागातले, जुने. डिझायनर आणि ठेकेदार दोघेही "चालते" म्हणतात.

दोघांचेही म्हणणे पुरेसे नाही. हा प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे आणि त्याचे उत्तर लेखी हवे. एका भेटीची आणि एका पानाच्या अहवालाची फी तुमच्या खर्चात दिसणारही नाही.

महालमधल्या जुन्या घरांत कॉलम नसतात, स्लॅब किंवा वरचा मजला थेट ९ इंची भिंतींवर टेकलेला असतो. तुमची भिंत तशी आहे का, याची प्राथमिक कल्पना तुम्हालाही येईल. छपाईसकट जाडी १० इंचांच्या आसपास असेल, वरच्या मजल्यावर बरोबर तिच्यावर दुसरी भिंत उभी असेल, छताला कुठेही बीम दिसत नसेल, तर ती वजन घेणारी भिंत समजा आणि हातोडा लावू देऊ नका. कॉलम-बीमच्या घरातली साडेचार इंची भिंत बहुधा काढता येते, पण वरच्या मजल्याची भिंत तिच्यावरच टेकलेली असू शकते.

वजनाची भिंत काढायचीच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला लोखंडी जॅक किंवा बल्ल्यांचा आधार, मग इंजिनिअरने काढलेल्या आकाराचा लोखंडी गर्डर, तोही अर्धी भिंत एका वेळी अशा पद्धतीने बसतो. हा खर्च ऐकल्यावर पुष्कळ जण भिंतीत चार-पाच फुटांची कमान किंवा सर्व्हिंग खिडकी यावर समाधान मानतात, आणि आमच्या मते तेच शहाणपणाचे आहे. अर्थात त्या खिडकीवरही लिंटल (वरचे वजन पेलणारी आडवी तुळई) लागतो.

घरात आधीपासून तिरप्या भेगा असतील, खिडकीच्या कोपऱ्यातून वर किंवा खाली जाणाऱ्या, तर तोडफोडीचा विचार पुढे ढकला. नागपुरात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया त्याबरोबर वर-खाली होतो आणि भिंत फाटते. भेग जिवंत आहे का, ते तपासायला पातळ काचेची चार इंचांची पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा, बाजूला तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर पाया हलतो आहे. अशा भेगेवर पुट्टी आणि टेक्स्चर पेंट मारून देणारा तुमचे पैसे घेऊन फक्त भेग झाकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर तिच्या मजबुतीला बाधा येईल असे काम एका मालकाला परस्पर करता येत नाही. नागपुरात अशा, म्हणजे सोसायटीऐवजी अपार्टमेंट डीडवाल्या, इमारती पुष्कळ आहेत, म्हणून हे वेगळे सांगितले.

प्रश्न : ठेकेदाराने वर्षापूर्वी बाथरूम नवे केले. आता खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे. तो म्हणतो, "टाइल्सच्या फटी भरून देतो, होऊन जाईल." पैसे सगळे दिले आहेत, करार नाही.

फटी भरून पाणी थांबत नाही. टाइल आणि ग्राउट (फटीत भरायचा मसाला) हे पाणी अडवणारे थर नाहीत, पाणी अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा लेप. तो नसेल किंवा फाटला असेल तर वरून काहीही भरा, पाणी वाट काढते.

तोडण्याआधी पाणी कुठून येते ते ओळखा. तीन दिवस हे बाथरूम वापरू नका, पण नळाची लाइन चालू ठेवा. ओल तशीच ओली राहिली तर दाबाची लाइन गळते. ओल सुकत गेली तर लाइन ठीक आहे, दोष निचऱ्यात किंवा फरशीत. मग नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या तोंडात) फरशीवर न सांडता, नळीने थेट पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि एक दिवस थांबा. ओल वाढली तर ट्रॅप किंवा पाइपचा जोड. वाढली नाही तर ट्रॅपला कापडाचा घट्ट बोळा लावून फरशीवर दोन इंच पाणी उभे करा. आता वाढली तर लेप गेला. या तीन पायऱ्यांनी नुसता जोड बदलून भागणार की पूर्ण फरशी उखडायची, ते कळते. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

फरशी उखडावी लागली तर क्रम असा. स्लॅबपर्यंत सगळा मलबा काढायचा. पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. गळती बहुतेक वेळा याच ठिकाणी असते. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलवा करायचा, कारण काटकोनात लेप तडकतो. मग लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर सगळीकडे किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट उंचीपर्यंत. लेप वाळल्यावर ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवायचे.

या चाचणीत वाद होतो तो असा: पाणी अर्धा इंच उतरले, ठेकेदार म्हणतो उन्हाने उडाले. उपाय सोपा आहे. त्याच बाथरूममध्ये पाणी भरलेली बादली ठेवा, बादलीत आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला एकाच वेळी पेन्सिलची खूण करा. उडालेले पाणी दोन्हीकडे सारखे कमी होईल. फरशीवरचे जास्त उतरले तर गळती आहे. खालच्यांच्या छताचा फोटो आधी आणि नंतर काढा.

चाचणी पास झाल्यावरच लेपावर संरक्षक छपाई, मग ट्रॅपकडे उतार, आणि शेवटी टाइल. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटला ती धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागते, पाठीवर पूर्ण पसरलेले. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून बसवलेली टाइल नाण्याने ठोकली की पोकळ वाजते. तुमच्या बाथरूममध्ये आजच ठोकून बघा आणि पोकळ टाइल्सवर खडूने फुल्या करून फोटो ठेवा, पुढे लागेल.

दाद मागण्याबद्दल. करार नसला तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे, यूपीआयच्या नोंदी आणि फोटो पुरावा होतात. आधी ठेकेदाराला लेखी कळवा, दुरुस्तीला १५ दिवस द्या. नाही ऐकले तर जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तुमचे एक वर्ष गेले, त्यामुळे थांबू नका. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि खालच्या शेजाऱ्यांशी आजच बोला. त्यांच्या छतातली सळई गंजू लागली तर खर्च दोन्ही घरांचा होईल.

प्रश्न : डिझायनरने दाखवलेल्या चित्रात खिडकी पूर्ण काचेची आहे, बाजूला भिंतभर कपाट आणि जिप्समचे छत. दिसते फार सुंदर. पण कूलर कुठे लावू, असे विचारले तर "एसी घ्या" म्हणाली. एसी एकाच खोलीत परवडतो.

तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि मधल्या खोलीला कूलरच लागतो. कूलरची जागा न दाखवणारा नकाशा या शहरासाठी अपुरा आहे, तो परत पाठवा.

काय मागायचे ते सांगतो. खिडकीचा एक भाग उघडता येणारा ठेवा, कूलरच्या तोंडाच्या मापाचा. बाहेर अँगलचा स्टँड भिंतीत अँकर बोल्टने. ६० लिटरच्या टाकीत पाणीच ६० किलोचे होते, त्यात कूलरचे वजन. नुसत्या खिळ्यांवर किंवा ग्रीलवर टेकवू नका. बाहेर पाणी भरायला नळ, टाकी रिकामी करायला नळी, आणि पावसापासून झाकलेला प्लग. कूलरच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला खिडकी किंवा दार हवे, नाही तर तासाभरात खोली दमट होऊन कूलर गार करेनासा होतो. आणि हीच दमट हवा कपाटाला बाधते: कूलरच्या झोतात एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) ठेवू नका, कडा फुगतात. जिप्समचे छत चालेल, पण झोत थेट त्याच्यावर जायला नको आणि जोडांवर काळे डाग दिसले तर हवा बाहेर जात नाही असे समजा. वरचा मजला तुमचाच असेल तर छताच्या पैशातला काही भाग गच्चीवर पांढऱ्या परावर्तक लेपासाठी वळवा, खोली त्याने जास्त निवते.

प्रश्न : डिझायनर म्हणतो टाइल्स, नळ, लाइट अमुक दुकानातूनच घ्या. आणि काम कधी सुरू करावे?

दुकानदार डिझायनरला कमिशन देतो ही प्रथा आहे. फी घेऊन वर कमिशनही घेत असेल तर त्याचा सल्ला तुमच्या बाजूचा राहत नाही, म्हणून करारात "विक्रेत्याकडून कमिशन घेणार नाही" हे लिहून घ्या. निवड त्याची, खरेदी तुमची: मॉडेल क्रमांक घ्या आणि दोन-तीन दुकानांत भाव काढा. लाकूड घ्यायचे असेल तर लकडगंजमध्ये स्वतः जा, सुताराला सोबत न्या, आणि घनफुटाचे मोजमाप तुमच्यासमोर होऊ द्या. व्हिजिटिंग कार्डवर "आर्किटेक्ट" असेल तर १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे त्याच्याकडे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. "इंटिरियर डिझायनर" म्हणवून घ्यायला असा क्रमांक लागत नाही, म्हणून तिथे त्याने केलेली दोन घरे, तीही निदान दोन पावसाळे झालेली, बघून या.

वेळेचे म्हणाल तर गच्ची आणि बाहेरच्या भिंती मार्च-एप्रिलमध्ये, मृगाच्या आधी संपवा. छपाई मेमध्ये करायची वेळ आली तर ती सकाळी लवकर, वर ओली पोती टाकून आणि दिवसातून तीन वेळा पाणी मारून, निदान सात दिवस. पाणी चुकले की जाळीसारख्या बारीक भेगा येतात. आतला रंग पावसाळ्यात टाळा, भिंतीतली ओल सुकत नाही आणि पुट्टी सोलून निघते. सुतारकाम आणि आतला रंग दिवाळीनंतर. होळी आणि पेरणीच्या दिवसांत मिस्त्री-मजूर गावी जातात. ठेकेदाराने दिलेल्या तारखांत ते दिवस वगळले आहेत का, ते कॅलेंडर समोर ठेवून विचारा.